विश्लेषण : माणूस आला की पेटणारा दिवा खरेच वीज वाचवतो का?

जिन्यात पाऊल टाकले की दिवा लागतो, माणूस निघून गेला की थोड्या वेळाने आपोआप विझतो. मोशन सेन्सरचे असे दिवे आता तालुक्याच्या गावातील इलेक्ट्रिकच्या दुकानातही सहज मिळतात. कागलसारख्या ठिकाणी त्यांना गिऱ्हाईकही आहे. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेल्या या शहरात गल्लीतील जुनी घरे आहेत, नवे बंगले आणि अपार्टमेंट आहेत, भोवती उसाची शेती आणि गोठे आहेत. शेजारच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर जाणारी माणसे रात्री-अपरात्री घरी परततात. हे दिवे बहुतेक ठिकाणी ‘वीज वाचते’ एवढ्याच एका कारणासाठी विकले जातात. ते कारण काही जागी खरे आहे, काही जागी अजिबात नाही. आणि हा दिवा ज्या कामासाठी खरोखर घ्यावा, ते काम बिलापेक्षा वेगळेच आहे.

हा दिवा नेमके काय ओळखतो?

सेन्सरला माणूस ‘दिसत’ नाही. त्यात कॅमेरा नसतो. घरगुती वापरातील बहुतेक सेन्सर ‘पीआयआर’ म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड प्रकारचे असतात. प्रत्येक उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. माणसाच्या त्वचेतून निघणारे हे किरण मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतात. अशा किरणांचे अस्तित्व विल्यम हर्शेल यांनी १८०० साली दाखवले. सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांनी प्रत्येक रंगात तापमापी ठेवली, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे प्रकाश दिसत नव्हता, तिथेही पारा चढला.

सेन्सरच्या आत अशा किरणांना प्रतिसाद देणारे दोन छोटे तुकडे असतात आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोलीच हळूहळू तापली, तर दोन्ही तुकड्यांवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांत वजा होतो. पण उबदार शरीर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकले, तर आधी एका तुकड्यावर आणि मग दुसऱ्यावर किरण पडतात. हा फरक कळला की सेन्सर दिवा लावतो.

सेन्सरवरचा पांढरा, खाचाखाचांचा प्लास्टिकचा घुमट ही त्याची भिंगे आहेत. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात समुद्रावरील दीपगृहांसाठी जी चपटी भिंगे घडवली, त्याच तत्त्वाची ही लहान आवृत्ती. हा घुमट समोरच्या जागेचे पंख्यासारखे अनेक पट्टे पाडतो. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की सेन्सरला चाहूल लागते.

मग तो कधी पेटत नाही आणि कधी उगाच का पेटतो?

‘सेन्सर खराब निघाला’ अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ सेन्सर बसवला त्या जागेत असते.

पट्टे ओलांडले तरच सेन्सरला कळते. त्यामुळे त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस त्याला लांबूनही कळतो, पण थेट त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस बराच जवळ आल्यावर कळतो. बोळाच्या टोकाला, येणाऱ्याच्या बरोबर समोर सेन्सर लावला की ‘अंगावर आल्याशिवाय पेटत नाही’ असे वाटते ते यामुळेच. तोच सेन्सर बाजूच्या भिंतीवर किंवा कोपऱ्यात लावला, तर फरक लगेच जाणवतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. सेन्सरला शरीर आणि भोवताल यांच्या उष्णतेतील फरक हवा असतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीच अंगाइतक्या तापलेल्या असतात, तेव्हा सेन्सरचा पल्ला कमी होतो. उलट तापलेल्या पत्र्यावरून येणारी गरम हवेची झुळूक, गिझर, चूल, फ्रिजच्या मागची गरम हवा यांमुळे तो उगाचच पेटू शकतो. कुत्री-मांजरे त्याला माणसासारखीच उबदार असतात. भिंगावरच बसलेला किडा किंवा समोर हलणारे कोळ्याचे जाळेही दिवा लावू शकते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घुमट कोरड्या फडक्याने पुसणे हीच पहिली दुरुस्ती.

साध्या काचेतून हे किरण आरपार जात नाहीत. खिडकीच्या आत लावलेला पीआयआर सेन्सर बाहेर अंगणात आलेला माणूस ओळखू शकत नाही.

बिल नेमके किती कमी होते?

याचा हिशेब कागद-पेन्सिलने करता येतो. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. अंगणातला ९ वॅटचा एलईडी दिवा संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत, म्हणजे ११ तास जळत राहिला, तर रोज ९९ वॅट-तास आणि ३० दिवसांत साधारण ३ युनिट वीज लागते. सेन्सरमुळे तोच दिवा रात्रीतून एकूण एक तासच लागला, तर महिन्याला ०.२७ युनिट पुरते.

मात्र सेन्सर स्वतःही वीज खातो. तो दिवसरात्र जागा असतो. त्याची स्वतःची गरज अर्धा वॅट धरली, तर महिन्याला ०.३६ युनिट होते. म्हणजे सेन्सरसह एकूण खर्च ०.६३ युनिट आणि खरी बचत सुमारे २.३ युनिट. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला ९ रुपये धरले, तर महिन्याला २१ रुपये. सेन्सर ४०० रुपयांचा असेल, तर पैसे वसूल व्हायला दीड वर्षाहून अधिक काळ लागतो.

आता न्हाणीघराचा दिवा घ्या. तो दिवसाकाठी सगळे मिळून दीड तास लागतो. महिन्याला ०.४ युनिट. सेन्सर लावून तो एक तासावर आला, तर दिव्याला ०.२७ आणि सेन्सरला ०.३६, मिळून ०.६३ युनिट. इथे वीज वाचण्याऐवजी जास्तच गेली.

यातून एक सोपा नियम निघतो. अर्ध्या वॅटचा सेन्सर रोज १२ वॅट-तास वीज घेतो. तेवढ्या विजेत ९ वॅटचा दिवा १ तास २० मिनिटे जळतो. म्हणजे तुमचा ९ वॅटचा दिवा रोज किमान एवढा वेळ विनाकारण जळत असेल, तरच सेन्सर विजेच्या दृष्टीने फायद्याचा. ज्या घरात खोलीबाहेर पडताना बटण बंद करण्याची सवय आहे, तिथे सेन्सरला वाचवायला काही उरतच नाही.

दिवा मोठा असेल, तर चित्र बदलते. बंगल्याच्या फाटकावरचा ५० वॅटचा फ्लडलाइट ११ तास जळला, तर महिन्याला साडेसोळा युनिट जातात. सेन्सरमुळे तो रोज एक तासावर आला, तर सेन्सरचा खर्च धरूनही साडेचौदा युनिट वाचतात. वरच्याच दराने महिन्याला सुमारे १३० रुपये. अपार्टमेंटच्या जिन्यात २० वॅटच्या पाच ट्यूब रात्रभर जळत असतील, तर महिन्याला ३३ युनिट लागतात. प्रत्येक मजल्यावर सेन्सर लावून त्या रोज दोन तासांवर आल्या, तर पाच सेन्सरांचा खर्च धरून आठपेक्षा कमी युनिट लागतात. इथे सोसायटीचे महिन्याला सव्वादोनशे रुपये वाचू शकतात.

बिलातील कोणता आकडा पाहायचा?

महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार वेगळा असतो. दिवे कमी जाळले म्हणून तो कमी होत नाही. कमी होतात ते युनिटवर लागणारे आकार. वीज आकार, वहन आकार, लागू असेल तेव्हा इंधन समायोजन आकार आणि या रकमांवरचे १६ टक्के वीज शुल्क. घरगुती वीजदर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, त्यापुढे ३०० पर्यंत आणि ५०० पर्यंत चढता. वाचलेले युनिट नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात. म्हणून महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घरात दोन युनिट वाचले, तर फरक अगदी किरकोळ. ३५० युनिट वापरणाऱ्या घरात तेच दोन युनिट महाग दराचे असतात. आपल्या बिलावरील टप्प्याचा दर पाहून वरचा हिशेब पुन्हा करावा.

पूर्वी हा सेन्सर फायद्याचा होता, मग आता काय बदलले?

दिवाच बदलला. साठ वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर जळायचा, तेव्हा ११ तासांचे महिन्याला जवळजवळ २० युनिट होत. त्या काळात सेन्सरने १७ युनिट वाचवले असते. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी प्रकाश शक्य झाला. त्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले. साठ वॅटचे काम नऊ वॅटवर आले. बचतीचा मोठा घास एलईडीने आधीच खाल्ला आहे, सेन्सरच्या वाट्याला उरलेली शिते येतात.

म्हणून घरात अजून कुठे पिवळा बल्ब किंवा जाड चोकची जुनी ट्यूब असेल, तर सेन्सरवर पैसे घालण्याआधी ती बदलावी. सीएफएल दिव्यावर तर सेन्सर लावूच नये. वारंवार चालू-बंद केल्याने त्याचे आयुष्य कमी होते. एलईडीला तो त्रास जवळपास नसतो.

मग हा दिवा घ्यायचा कशासाठी?

रात्री अंधारात कोणी पडू नये यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि जिवावर बेतणाऱ्या या घटना साठीपुढच्या माणसांत सर्वाधिक असतात. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना खुब्याचे हाड मोडल्यामुळे महिनोन्‌महिने अंथरुणावर काढावे लागतात.

वयाबरोबर डोळ्यांतही बदल होतो. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर पूर्ण सरावायला निरोगी डोळ्यांनाही २० ते ३० मिनिटे लागू शकतात. उतारवयात हा वेळ वाढतो. भिंग पिवळट झाल्याने कमी प्रकाश आत जातो आणि अचानक आलेल्या झगझगीत उजेडाने डोळे दिपतात. लघवीला उठलेली आजी बटण शोधत भिंत चाचपत जाते, ती चार पावले सर्वांत धोक्याची. सेन्सर नेमकी तीच चार पावले उजळतो. हात भरलेले असतानाही हा दिवा कामाचा. पाण्याची कळशी, दुधाची किटली, झोपलेले मूल घेऊन चालणाऱ्याला बटणापर्यंत हात न्यावा लागत नाही.

या कामासाठी दिवा मोठा नको. एक ते तीन वॅटचा, पिवळसर छटेचा, म्हणजे २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला दिवा पुरे. तो छताला न लावता गुडघ्याच्या खाली, पलंगाच्या पायाशी किंवा जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीजवळ लावावा. खालून आलेल्या उजेडात पायरीची कड आणि उंबरठा नीट दिसतो, डोळे दिपत नाहीत आणि बाजूला झोपलेल्यांची झोप मोडत नाही. निळसर पांढरा झगझगीत उजेड झोपेशी संबंधित मेलाटोनिन दाबतो, म्हणून रात्रीसाठी तो टाळलेला बरा.

न्हाणीघर आणि शौचालयात कोणती चूक जिवावर बेतू शकते?

पीआयआर सेन्सरला हालचाल हवी असते. शौचालयात स्थिर बसलेला माणूस त्याला काही वेळाने ‘नाही’ असा वाटतो आणि दिवा विझतो. धडधाकट माणूस हात हलवून तो पुन्हा लावेल. गुडघेदुखीमुळे कडीचा आधार घेऊन उठणारा वृद्ध मात्र ओल्या फरशीवर अचानक अंधारात सापडतो. पडू नये म्हणून लावलेला दिवाच पडण्याचे कारण ठरू शकतो.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. एक, न्हाणीघरातील एकमेव दिवा कधीही फक्त सेन्सरवर ठेवू नये. साध्या बटणाचा दिवा तिथे असलाच पाहिजे. दोन, सेन्सर लावलाच, तर त्याची वेळ दहा मिनिटांच्या आसपास ठेवावी. तीन, सेन्सरला समांतर एक साधे बटण बसवून घ्यावे. ते दाबले की सेन्सर काहीही म्हणो, दिवा चालू राहतो. वायरमनला हे काम पाच मिनिटांचे आहे, पण आधी सांगावे लागते. बऱ्याच घरांत सर्वांत सोयीचा उपाय वेगळाच ठरतो. न्हाणीघराच्या आत बटणाचा दिवा आणि तिथपर्यंतच्या वाटेवर सेन्सरचा दिवा.

कागलच्या घरांत जागा कशी निवडावी?

गल्लीतील अनेक जुन्या घरांचा दरवाजा थेट रस्त्यावर उघडतो. अशा दारावर बाहेर तोंड करून सेन्सर लावला, तर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दिवा लावतो आणि रात्रभर उघडझाप चालते. इथे सेन्सर खाली झुकवावा किंवा घुमटाचा रस्त्याकडचा भाग आतून अपारदर्शक चिकटपट्टीने झाकावा. तेवढे पट्टे बंद होतात, बाकीचे चालू राहतात. महामार्गालगतच्या घरांनाही हेच लागू. वाहनांची गरम इंजिने सेन्सरला चटकन कळतात.

सोपा, माजघर, मागे परडे आणि परड्यात न्हाणी-शौचालय अशी लांबट रचना असलेल्या घरांत रात्रीची वाट मोठी असते. मागच्या दाराचा उंबरठा, परड्यातली पायरी आणि शौचालयाचे दार या तीन जागा आधी उजळाव्यात. बाहेरच्या दिव्यावर आणि सेन्सरवर किमान ‘आयपी ४४’ खूण असावी. थेट पावसाचा मारा बसणाऱ्या जागी ‘आयपी ६५’ घ्यावा. या खुणेतील दुसरा आकडा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दाखवतो.

गोठ्यात पीआयआर सेन्सर बिनकामाचा. म्हैस ही माणसापेक्षा कितीतरी मोठी उबदार वस्तू आहे. ती रात्रभर मान हलवणार आणि दिवा रात्रभर पेटत-विझत राहणार. पहाटेच्या धारेसाठी तिथे ठरलेल्या वेळी लागणारा टायमर जास्त उपयोगी. सेन्सर हवाच असेल, तर तो गोठ्याबाहेर, घराकडून येणाऱ्या वाटेवर, जनावरांकडे पाठ करून लावावा.

रात्रीच्या वीजपुरवठ्यात मोटर चालू करायला शेतावर जाणाऱ्यांसाठी मोटरच्या पेटीजवळ सौर पॅनेलचा सेन्सर दिवा उपयोगी पडतो. ओल्या चिखलात उभे राहून अंधारात स्टार्टर चाचपावा लागत नाही. पण जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे त्याची बॅटरी पुरेशी भरत नाही, हे धरून चालावे. पॅनेल दक्षिणेकडे झुकलेले आणि उसाच्या सावलीबाहेर हवे. लावणीच्या वेळी उघडी असलेली जागा उसाची वाढ झाल्यावर झाकली जाते. हातात बॅटरी ठेवणे तरीही सुटत नाही.

दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्यांसाठी फाटकावरचा दिवा उपयोगी. दुचाकी आत घेताना कुलूप दिसते आणि घरच्यांना उठवावे लागत नाही. चोरट्याला असा दिवा बिचकवू शकतो, पण कडी-कुलपाची जागा तो घेत नाही.

रडारचा सेन्सर वेगळा कसा?

दुकानात ‘मायक्रोवेव्ह’ किंवा ‘रडार’ असे लिहिलेले बल्बही मिळतात. ते बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरींतील बदलावरून हालचाल ओळखतात. वेगात जाणाऱ्या गाडीचा वेग मोजण्याच्या यंत्रामागेही हेच तत्त्व असते. उन्हाळ्यातल्या उष्णतेचा त्यांना त्रास नाही, थेट समोरून येणारा माणूसही ते चांगला ओळखतात. पण या लहरी लाकडी दार, काच, पातळ पार्टिशन यांतून पलीकडे जातात. शेजारच्या खोलीतील हालचाल, फिरता पंखा, हलणारा पडदा यांनीही दिवा लागू शकतो. बंद जिना, पार्किंग, गोदाम यांना तो ठीक. एकमेकांना खेटून असलेल्या लहान खोल्यांत पीआयआर बरा.

याहून नव्या ‘प्रेझेन्स’ सेन्सरमध्ये २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी असतात. श्वासाबरोबर होणारी छातीची बारीक हालचालही ते टिपू शकतात, त्यामुळे स्थिर बसलेल्या माणसावर दिवा विझत नाही. ते महाग आहेत. पण वृद्धांच्या शौचालयासाठी सेन्सर हवाच असेल, तर विचार याच प्रकाराचा करावा.

वायरिंग करताना काय पाहावे?

होल्डरमध्ये फिरवून बसवायचा सेन्सर बल्ब असेल, तर वायरिंग लागत नाही. मात्र त्याचे भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. घरातल्या कोणी सवयीने ते बंद केले की सेन्सरही बंद. भाड्याच्या घरात बॅटरीवरचे, चार्ज करता येणारे, चिकटवायचे दिवे सोयीचे. घर सोडताना ते सोबत नेता येतात.

भिंतीवरच्या वेगळ्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी. जिन्याच्या टू-वे बटणाच्या पेटीत अनेकदा न्यूट्रल आणलेलीच नसते. ती आधी तपासावी. आणखी एक धोका रंगांचा. अनेक सेन्सरांवर निळी वायर न्यूट्रलसाठी असते. आपल्याकडील थ्री-फेज वायरिंगमध्ये निळी वायर फेजचीही असू शकते आणि न्यूट्रल काळी असते. जुन्या घरात तर कोणता रंग कशाला वापरला याचा नेम नाही. म्हणून रंगावर न जाता टेस्टरने खात्री करूनच जोडणी करावी. सेन्सरने फेज तोडली पाहिजे. चुकून न्यूट्रल तोडली गेली, तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये करंट राहतो.

हे काम परवानाधारक वायरमनकडून, एमसीबी पाडूनच करावे. परडे, न्हाणी आणि अंगणाच्या दिव्यांची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असावी. ओल्या हाताला झटका बसला, तर हेच उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. ते घरात नसेल, तर सेन्सरआधी त्याचा खर्च करावा.

इन्व्हर्टर असेल, तर रात्रीच्या वाटेवरचा दिवा त्याच्या लाइनवर घ्यावा. वीज गेलेली असते तेव्हाच त्याची खरी गरज पडते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही स्वस्त सेन्सर नीट चालत नाहीत. घेण्याआधी दुकानदाराला तसे विचारावे. वीज परत आल्यावर अनेक सेन्सर अर्धा-एक मिनिट आपोआप पेटलेले राहतात. तो बिघाड नसतो, सेन्सर भोवतालच्या उष्णतेचा अंदाज घेत असतो.

सेन्सरवरचे तीन स्क्रू कशासाठी?

‘टाइम’ हा स्क्रू दिवा किती वेळ राहावा ते ठरवतो. जिन्यासाठी एक-दोन मिनिटे, अंगणासाठी दोन-तीन मिनिटे पुरतात. ‘लक्स’ हा स्क्रू किती अंधार पडल्यावर सेन्सरने काम सुरू करावे ते ठरवतो. चंद्राच्या खुणेकडे फिरवला, तर फक्त अंधारात, सूर्याकडे फिरवला, तर दिवसाही. समोर रस्त्यावरचा दिवा असेल, तर सेन्सरला अंधार पडलाच नाही असे वाटते. तेव्हा हा स्क्रू थोडा सूर्याकडे न्यावा. ‘सेन्स’ हा पल्ला कमी-जास्त करतो. प्रत्येक सेन्सरवर तिन्ही असतीलच असे नाही. सेन्सर बल्बवर अनेकदा एकही नसतो, त्यामुळे घेण्याआधी खोक्यावरची वेळ वाचावी.

भिंतीवरचा सेन्सर जमिनीपासून दोन ते अडीच मीटरवर बसवावा. त्याच्या नजरेत त्याचाच दिवा येऊ देऊ नये. नाहीतर दिवा लागला की उजेड झाला, विझला की अंधार झाला, असे चक्र सुरू होते. बसवल्यावर पहिले दोन दिवस टाइम सर्वांत कमी ठेवून, रात्री घरातल्या सगळ्यांनी आपापल्या वाटेने चालून पाहावे. काठी घेऊन हळू चालणाऱ्या माणसावर दिवा वेळेत लागतो का, हीच खरी चाचणी.

वायफायचा ‘स्मार्ट’ सेन्सर हवा का?

मोबाइलवरून चालणारे सेन्सर वेळेनुसार उजेड कमी-जास्त करू शकतात. परगावी असलेल्या मुलाला ‘सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही’ असा निरोपही पाठवू शकतात. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी हे मोलाचे ठरू शकते. पण आईवडिलांना विचारूनच हे बसवावे. त्यांच्या उठण्या-बसण्याची नोंद ठेवली जात आहे, हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे. यातील अनेक उपकरणांना २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय लागते आणि इंटरनेट बंद पडल्यावर काहींची कामे थांबतात. जिन्यावरचा आणि न्हाणीच्या वाटेवरचा दिवा इंटरनेटवर विसंबून ठेवू नये. तिथे साधा सेन्सरच जास्त भरवशाचा.

सुरुवात कुठून करावी?

हजार रुपये खर्च करायचे असतील, तर सगळ्या खोल्यांत सेन्सर लावण्याऐवजी एक रात्र घराची पाहणी करावी. सगळे दिवे बंद करून पलंगापासून शौचालयापर्यंत, मग जिन्यावरून खाली आणि फाटकापर्यंत जाऊन पाहावे. जिथे पाय अडखळतो, जिथे बटणापर्यंत अंधारात जावे लागते, अशा दोन-तीन जागा सापडतील. तिथे कमी वॅटचे, खाली लावलेले सेन्सर दिवे बसवावेत. त्यानंतर रात्रभर विनाकारण जळणारा मोठा दिवा शोधावा. फाटकाचा, पार्किंगचा किंवा जिन्याचा. बिलातील बचत तिथेच आहे. बाकीच्या खोल्यांना भिंतीवरचे साधे बटण पुरते.